बूड नसलेलं ओगराळं

ज्या कादंबरीबद्दल हे लिहितेय तिचं नाव मी सांगणार नाही. लेखकाचंही सांगणार नाही. फुकट जाहिरात करायची माझी इच्छा नाही. या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांनी ‘आवाजाच्या धंद्यातले गमतीदार किस्से’ मागितले होते. किस्से पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलं की डोकं फिरून फिरून त्या एका पुस्तकापाशी जातं आणि तापतं. तेव्हा या खेपेला गंमत थोडी कमी पडेल.

मी आवाज विकते. तरुणपणी डबिंग केलं, साबणापासून साडीपर्यंत सगळ्याच्या जाहिराती केल्या आणि आता साठी उलटल्यावर पुस्तकं वाचते. म्हणजे ऑडिओबुक. लोक भाजी निवडताना, चालायला जाताना मोबाइलवर ऐकतात ती. मुलुंडहून साकीनाक्याला जायचं, एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात शिरायचं, आत कपाटाएवढी एक खोली आहे तिचं दार लावून घ्यायचं आणि वाचत सुटायचं. काचेपलीकडे विलास बसतो. तो रेकॉर्डिस्ट. कानांवर हेडफोन, हात कीबोर्डवर, आणि माझी चूक झाली की काचेवर टिचकी.

‘यात काय एवढं, मोठ्यांदा वाचायचंच तर आहे,’ असं म्हणणारं कुणीतरी मला दर लग्नात भेटतं. त्यांनी एकदा त्या कपाटात बसून बघावं. पंखा लावता येत नाही, कारण तो ऐकू येतो. एसीने खोली गार करून घ्यायची आणि तो बंद करायचा, कारण तोही ऐकू येतो. बांगड्या नकोत, स्टार्चची साडी नको. तोंड कोरडं पडलं की जीभ टाळ्याला चिकटून टचटच वाजते, म्हणून हिरव्या सफरचंदाची फोड जवळ ठेवायची. शेजारच्या गाळ्यात पत्र्याची झाकणं दाबायचं मशीन आहे. त्याचे दणके भिंतीतून येतात, त्यामुळे हळुवार प्रसंग आम्ही त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत उरकतो. मराठीतल्या कितीतरी नायिकांनी माझ्या तोंडून प्रेमाची कबुली दिलीय ती उपाशीपोटी, आणि माझं पोट गुरगुरलं म्हणून विलासने त्यांना ती पुन्हा द्यायला लावलीय.

गिऱ्हाइकंही एकेक. एका निवृत्त अधिकाऱ्यांनी हौसेने आपलं आत्मचरित्र रेकॉर्ड करून घेतलं. अट एकच, त्यांच्या जुन्या साहेबांची सगळी वाक्यं नाकातून आली पाहिजेत. मी विचारलं, साहेब खरंच नाकातून बोलायचे का? तर म्हणाले, नाही, पण आता बोलू देत. मी बोलले. ते गृहस्थ डोळे मिटून ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मी शेवटी शेवटी साहेबांना थोडं तोतरंही केलं.

या धंद्यात जुन्या लोकांनी एक शिस्त लावून दिली होती. पुस्तक शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. पहिल्या प्रकरणातला साधासुधा शेजारी पुढे खुनी निघणार असेल, तर त्याचा आवाज पहिल्यापासून त्या बेताने लावावा लागतो. आता कंपन्यांना तेवढा दम नाही. लेखक लिहीत असतो, लिहून झालेलं प्रकरण आमच्या हातात पडतं, आम्ही वाचतो आणि दर आठवड्याला एक असं ते लोकांच्या कानात जातं. म्हणजे शेवट मला ठाऊक नसतो, विलासला ठाऊक नसतो आणि लेखकाला तरी ठाऊक असेल असं आम्ही धरून चालतो. ही भयकादंबरी अशीच आली. ‘जपानी लोककथांवर आधारित’ असं तिच्यावर ठळक लिहिलं होतं.

मला आनंदच झाला. जपानी भुतांची आणि माझी ओळख जुनी. डबिंगच्या दिवसांत अंधेरीच्या स्टुडिओत मी मुलांच्या जपानी कार्टूनना आवाज द्यायचे. त्यात एका पायावर उड्या मारणारी जुनी छत्री असायची, तिला डोळा एकच. नदीत राहणारं एक पोरासारखं भूत असायचं, त्याच्या टाळूवर वाटीएवढा खळगा आणि त्यात पाणी. तुम्ही त्याला वाकून नमस्कार केलात की तेही वाकतं, पाणी सांडतं आणि त्याची ताकद जाते. मला ही मंडळी फार आवडायची, कारण त्यांना रीत होती. ती काय मागतात, का मागतात, काय दिलं की निघून जातात, हे सगळं ठरलेलं. आपल्या मुंजालाही ती असते, वेताळालाही असते. रीत नसलेलं भूत म्हणजे अंधारात दडून ‘भॉक’ करणारा टवाळ.

सुरुवातीची प्रकरणं खरोखर चांगली होती. म्हणून तर राग जास्त आहे. जपानमधलं एक मासेमारीचं गाव. समुद्रात बुडालेले, ज्यांचे देह कधी सापडले नाहीत असे लोक धुक्यात होडीशेजारी वर येतात आणि ओगराळं, म्हणजे पाणी उपसायचा लांब दांड्याचा डाव, मागतात. दिलं तर त्याच ओगराळ्याने होडीत पाणी भरून ती बुडवतात. नाही दिलं तर पिच्छा सोडत नाहीत. म्हणून तिथले कोळी होडीत बूड काढलेलं एक ओगराळं ठेवतात. मागितलं की तेच द्यायचं. ते भरत राहतात, होडीत थेंब पडत नाही, आणि शेवटी दमून जातात. ही तिकडची जुनी लोककथा आहे, हे मला मागाहून कळलं. लेखकाने स्वतः रचली ती एक म्हातारी. तिचा मुलगा दर्यात गेलेला. एके दिवशी ती होडीत असताना धुकं उतरतं, पाण्यातून हात वर येतात आणि त्यातला एक हात ती ओळखते. होडीत दोन ओगराळी आहेत, एक अख्खं आणि एक बूड काढलेलं. पाण्यातला मुलगा म्हणतो, ‘आई, दे.’ तिथे प्रकरण संपलं.

मी वाचायची थांबले. काचेपलीकडे विलास हलला नाही. रेकॉर्डिंग तसंच चालू होतं.

विलास गोराईच्या कोळीवाड्यातला. त्याचा धाकटा भाऊ नरेश एका वादळात बोटीवरून गेला. बाकीचे खलाशी परत आले, नरेश आला नाही, त्याचा देहही मिळाला नाही. देह नसला की दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. भाऊबंदांनी सांगून बघितलं, भटजींनी सांगून बघितलं. आई एकच म्हणायची, ‘माजा पोर गवताचा नाय.’ वर्षं गेली. नरेशची बायको रेखा त्या घरात ना सवाष्ण, ना विधवा. माहेरचे न्यायला यायचे, ती जायची नाही, आणि राहूनही तिला त्या घरात नक्की काय म्हणून राहायचं ते कळत नव्हतं. विलास हे सगळं कधी बोलायचा नाही. मला कळलं ते त्या कादंबरीमुळे. म्हातारीची पहिली वाक्यं मी नेहमीच्या म्हाताऱ्या आवाजात, जरा कापरी वाचली, तर त्याने टिचकी मारली. म्हणाला, ‘ताई, कोळीण अशी नाय थरथरत. माझी आय कशी बोलते ऐका. आवाज चढवत नाय ती. वाक्य मधेच तोडते आणि समोरच्याकडे बघत बसते.’ मग त्याने फोन स्पीकरवर टाकून आईशी बाजारभावाच्या गप्पा मारल्या आणि मी ऐकून घेतल्या. म्हातारीला मी तोच आवाज दिला. तोडलेलं वाक्य, मग गप्प.

आई घरी ही कादंबरी ऐकत होती. मुलाचं काम म्हणून, आणि वाचता येत नाही म्हणून. सुका जवळा निवडताना मोबाइल सुपात ठेवून ऐकायची. ओगराळ्याचं प्रकरणही तिने तसंच ऐकलं. पुढे विलासने धीर करून पुन्हा विधीचा विषय काढला, तेव्हा ती पहिल्यांदाच नाही म्हणाली नाही. म्हणाली, ‘त्या बायचं काय होतंय तं कलू दे. मंग बगू.’

विलासने मला हे सांगितलं तेव्हा तो हेडफोनची गादी पुसत होता. पुसून झाली तरी पुसतच होता. मग विचारलं, ‘ताई, पुढचं प्रकरण कधी येतंय?’

पुढची प्रकरणं आली, आणि आली ती काय आली. गाव, होडी, म्हातारी सगळं मागे टाकून लेखक थेट टोकियोत गेला. तिथे अंधेरीचा एक सॉफ्टवेअर इंजिनीअर. हॉटेलच्या बाथरूममध्ये आरसा, आरशात तोंडावर केस सोडलेली बाई. इमारतीत नसलेल्याच मजल्यावर लिफ्ट थांबते. बाहुलीची मान फिरते. पुन्हा केस सोडलेली बाई. माझ्या त्या एकपायी छत्रीलाही यात गोवलं होतं, बिचारीने एका वेटरचा खून केला. का केला, विचारायचं नाही. दर चार पानांनी कुणीतरी किंचाळतं आणि वीज जाते. टोकियोत इतकी वीज जात असेल तर तिथल्या लोकांनी मुलुंडला राहायला यावं. मी वाचत होते आणि मनातून धुमसत होते. पण विलास आणि मी एकमेकांना सांगायचो, थांब, ओगराळं शेवटासाठी राखून ठेवलं असेल. एवढी चांगली गोष्ट हातात असताना कोण सोडेल?

शेवटचं प्रकरण आलं. म्हातारी परतली, ती लिफ्टमध्ये. ती म्हणे पहिल्यापासून मेलेलीच होती. तिची नखं वाढतात, जबडा फाटतो, ती इंजिनीअरचं काळीज खाते. मग इंजिनीअर जागा होतो, म्हणजे ते स्वप्न होतं. मग भिंतीवर ओल्या हाताचा ठसा दिसतो, म्हणजे ते स्वप्न नव्हतं. भाग दुसरा लवकरच. ओगराळ्याबद्दल एक अक्षर नाही. होडी नाही, मुलगा नाही, तो पाण्यातला हात नाही.

तिथली म्हातारीची किंकाळी मी विलासच्या आईच्या आवाजात फोडायची होती. मी नाही फोडली. डबिंगच्या दिवसांतली एक घसा खरवडणारी कैदाशीण माझ्याकडे पडून होती, ती काढली आणि काम उरकलं. म्हातारीचा आवाज शेवटच्या प्रकरणात पार बदललाय, हे कंपनीत कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मी लेखकाला फोन लावला. इतक्या वर्षांत मी कधी लेखकाला फोन करून शेवट विचारलेला नाही, आपलं ते काम नव्हे. पण विलास समोर बसला होता. मी विचारलं, त्या आईने मुलाला कुठलं ओगराळं दिलं?

‘कुठलं ओगराळं, मॅडम?’

मी आठवण करून दिली. मग तो हसला. ‘अरे हां. ते राहिलंच की. खरं सांगू का, पुढे स्टोरी इतकी पळाली की मी विसरूनच गेलो.’

विसरला. मी समजू शकले असते, त्याला शेवट सुचला नसता तर. त्याने मुद्दाम सांगितलं नसतं, वाचणाऱ्यावर सोडलं असतं, तरी मी ऐकून घेतलं असतं. याने एका आईला समुद्रात, होडीत, पोराच्या हातासमोर उभं केलं आणि हा विसरला. भात लावून फिरायला जावं तसा गेला. मी त्याला हे सगळं सुनावलं, आणि आवाज हा माझा धंदा असल्यामुळे नीट सुनावलं. त्याला वाईट वगैरे वाटलं नाही. एवढं पर्सनली घेऊ नका म्हणाला. हॉररमध्ये लॉजिक शोधायचं नसतं म्हणाला. आपण स्वतः जपानला जाऊन आलोय, हेही ऐकवलं. आणि मग मोठ्या मनाने म्हणाला, ‘असं करा मॅडम, तुम्हीच टाका ना एखादी ओळ. मी कंपनीला सांगतो, चालेल म्हणून.’

मी फोन आपटला. पण परवानगी तर मिळाली होती. एक ओळ. विलास काचेपलीकडे जाऊन बसला, मी आत गेले. ओगराळ्याच्या प्रकरणाचा शेवट त्याने लावून दिला आणि मी पुढे म्हटलं, ‘तिने बूड नसलेलं ओगराळं उचललं.’ विलासने मान हलवली, नको. मग मी म्हटलं, ‘तिने अख्खं ओगराळं उचललं.’ तो हेडफोन काढून बाहेर निघून गेला. शेजारचं मशीन दणदणत होतं, त्यामुळे दोन्ही टेक तसेही वाया गेले होते. परत आला तेव्हा तोंड धुऊन आला होता. ‘राहू दे ताई,’ म्हणाला. ‘आपण कोण ठरवणारे?’

मी म्हटलं, शेवटचं प्रकरण बाहेर पडायच्या आत मीच येते आणि तुझ्या आईला सांगते. मोबाइलमधून माझ्याच आवाजात तिला हे कळायला नको.

विलास आणि मी बोरिवलीहून गोराई खाडीच्या फेरीने पलीकडे गेलो. मावशी, म्हणजे विलासची आई, अंगणात जवळा निवडत होत्या. मला बघून त्यांनी सूप बाजूला सरकवलं आणि रेखाला चहा टाकायला सांगितला. मी लिफ्टचं सांगितलं, नखांचं सांगितलं, स्वप्नाचं सांगितलं. त्या ऐकत होत्या. शेवटी विचारलं, ‘न् पोराला काय दिलान?’

‘काही नाही, मावशी. लेखक विसरला म्हणतो.’

‘इसरला?’ त्यांनी विलासकडे बघितलं, मग माझ्याकडे. ‘बायला होडीत उभी केलान, न् इसरला?’

मी हो म्हटलं. मग त्यांनी त्या लेखकाला ज्या शिव्या दिल्या त्या दिवाळी अंकात छापता येणार नाहीत, पण इतकी नेमकी समीक्षा मी कुठल्या परिसंवादात ऐकलेली नाही. आवाज चढला नव्हता. एकेक शिवी द्यायच्या, थांबायच्या, बघत बसायच्या. चहा आला, निवला. रेखा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. बराच वेळ गेल्यावर मावशी विलासला म्हणाल्या, ‘भटजीना सांग.’

विलासला आधी कळलंच नाही. त्याने विचारलं, कशाला?

‘नरेशचं करायला. आपुन बी त्याला असाच मधी उभा केलाय. ना हिकडं, ना तिकडं.’ मग रेखाकडे बघून म्हणाल्या, ‘हिला पन.’

रेखा आत गेली. तिचा रडण्याचा आवाज आम्हाला बाहेर ऐकू आला, आणि आम्ही तिघांनी तो येऊ दिला.

शेवटचं प्रकरण ठरल्याप्रमाणे बाहेर पडलं. खाली लोकांनी पाच-पाच तारे दिले. ‘तुफान ट्विस्ट’, ‘काय शेवट केलाय यार’, ‘म्हातारीचा आवाज बदलतो तिथे काटा आला’. एकानेही विचारलं नाही की त्या मुलाचं काय झालं. मी खाली खाली वाचत गेले आणि एक तरी सापडेल म्हणून शोधत राहिले. नाही सापडला. लेखकावर चिडले होते तेवढीच मग ऐकणाऱ्यांवरही चिडले. आपण लोकांच्या कानात काय ओततोय आणि ते काय काय मुकाट्याने गिळतायत, हे बघून या धंद्याचीच शिसारी आली.

गेल्या महिन्यात लेखकाचा निरोप आला. दुसरा भाग लिहितोय, आवाज तुमचाच हवा. आणि पुढे, ‘तुमचा तो ओगराळ्याचा पॉइंट मस्त होता, या वेळी नक्की घेतो. तुम्हाला काय वाटतं, तिने कुठलं दिलं असेल?’

मला काय वाटतं याचा प्रश्नच नव्हता. मला माहीत होतं, कारण मी तिथे होते. पण त्याला मी फक्त कळवलं की दुसरा भाग मी वाचणार नाही. बाकी काही कळवलं नाही, कारण मावशींना मी आधीच विचारलं होतं की हे त्या पुस्तकात घालू का. त्या म्हणाल्या, ‘त्याला नको देऊ. तो पुन्ना इसरंल. तू तुज्या नावानं लिव.’ म्हणून इथे लिहितेय. मराठी दिवाळी अंक आपण वाचत नाही, असं त्या लेखकानेच एका मुलाखतीत सांगितलंय, त्यामुळे काळजी नाही.

नरेशच्या पुतळ्याला किनाऱ्यावर अग्नी दिला. मग राख घेऊन चुलत्यांच्या होडीतून आम्ही आत गेलो. विलास, रेखा, मावशी आणि मी. बायकांनी येऊ नये असं कुणीतरी किनाऱ्यावर म्हणालं होतं, मावशींनी त्याच्याकडे नुसतं बघितलं होतं. पाणी शांत होतं. विलासने राख सोडली, रेखाने फुलं सोडली. मग मावशींनी पदराखालून ओगराळं काढलं. घरातलं, रोजच्या वापरातलं, पितळेचं, दांड्याशी काळं पडलेलं. विलासने ते हातात घेऊन उलटं केलं, बुडावर बोट फिरवलं. पुस्तकातलं त्याच्याइतकं कुणालाच पाठ नव्हतं. तो हळूच म्हणाला, ‘आय, हे अख्खं हाय.’

‘मना म्हायती हाय,’ मावशी म्हणाल्या. ओगराळं त्याच्या हातून घेतलं, होडीच्या कडेवरून वाकून पाण्यात धरलं आणि भरू दिलं. ‘बूड काडलेलं आपल्या पोराच्या हातात कोन देतं?’

आणि सोडलं. ते खाली जाईस्तोवर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘होडी बुडवायची असंल त बुडवू दे.’